एनसीव्ही ‘नॉर्मल’ आली, मग आईच्या तळपायांची आग खोटी का?

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६१. मधुमेह १२ वर्षांपासून, तेव्हापासून मेटफॉर्मिन चालू. दीड वर्षापासून रात्री दोन्ही तळपायांची आग होते, आणि उजव्या हाताला इतक्या मुंग्या येतात की पहाटे जाग येते. मानेच्या एमआरआयमध्ये ‘सी५-सी६ डिस्क बल्ज’ (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) निघाला, म्हणून मानेला पट्टा लावला, फरक पडला नाही. मग एनसीव्ही, म्हणजे नसांतून निरोप किती वेगानं जातो हे मोजणारी तपासणी, झाली. पायांच्या नसा नॉर्मल, उजव्या मनगटात मीडियन नर्व्ह (अंगठ्याकडच्या बोटांची नस) दबलेली. आता घरात एक जण म्हणतो पायांची आग मनाची आहे, दुसरा म्हणतो तपासणी चुकली, दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा करू.

तपासणी चुकल्यासारखी दिसत नाही, आणि आईही खरंच सांगताहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी ही तपासणी नेमकं काय मोजते ते बघावं लागेल. गेली बावीस वर्षं मी हेच काम करतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी ‘नस’ या शब्दाचा घोळ. आपल्याकडे रक्तवाहिनीही नस, स्नायूला जोडलेली दोरीसारखी शीरही नस आणि मेंदूचे निरोप नेणारी तीही नस. ‘नस चढली’ म्हणत येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पोटरीत नुसता गोळा आलेला असतो. एनसीव्हीचा संबंध फक्त तिसऱ्या नसेशी. रक्तपुरवठा, गाठी, सांधे, स्नायूंचं दुखणं यातलं तिला काहीही कळत नाही.

तपासणीत होतं एवढंच. नसेवर एका जागी विजेचा छोटा झटका द्यायचा आणि पुढे दुसऱ्या जागी तो निरोप कधी पोचला, केवढा पोचला हे पकडायचं. झटका एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. हाताचं उदाहरण घ्या. अंगठ्याच्या बुडाशी स्नायूवर पट्टी चिकटवली, मनगटावर झटका दिला, स्नायू ३.४ मिलिसेकंदांनी हलला. मग कोपरात झटका दिला, तेव्हा ७.४ मिलिसेकंद लागले. फरक ४ मिलिसेकंदांचा. मोजपट्टीनं कोपर ते मनगट अंतर मोजलं, २१० मिलिमीटर. भागाकार केला की वेग सेकंदाला साडेबावन्न मीटर. मशीन कितीही महाग असो, ती मोजपट्टी कापडाचीच असते आणि माणूसच ती धरतो. मोजपट्टी दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर वेग पाच मीटरनं चुकतो. हेल्महोल्त्झनं १८५०मध्ये बेडकाच्या नसेवर हाच हिशेब केला होता, तेव्हा उत्तर सेकंदाला सुमारे २७ मीटर आलं होतं. तत्त्व आजही तेच आहे.

प्रौढ माणसाच्या हाताच्या नसेत वेग साधारण ५०च्या वर आणि पायात ४०च्या वर असावा. पण रिपोर्ट वाचताना लोक वेगाकडेच बघतात आणि दुसरा आकडा सोडून देतात. तो म्हणजे लाटेची उंची, अँप्लिट्यूड. स्नायूवरून आलेली लाट मिलिव्होल्टमध्ये असते, संवेदनेच्या नसेवरून आलेली मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे हजारपट बारीक. वेग सांगतो आवरण शाबूत आहे का, उंची सांगते आतले तंतू किती शिल्लक आहेत.

आवरणाचं काम समजायला ऊस डोळ्यांसमोर आणा. उसाच्या कांड्या असतात आणि दोन कांड्यांमध्ये पेर. नसेच्या जाड तंतूवरचं मायलिनचं आवरणही असंच कांड्याकांड्यांचं असतं आणि निरोप एका पेरावरून दुसऱ्या पेरावर उड्या मारत जातो, म्हणून तो वेगात जातो. कांड्या सोलल्या गेल्या की उड्या थांबतात, वेग ३०, २५, कधी १५वर येतो. आतला गाभाच वाळला, म्हणजे तंतूच मेले, तर उरलेले तंतू बऱ्यापैकी वेगात निरोप नेतात, पण लाट बुटकी होते. मधुमेह, दारू, काही औषधं, बी१२ची कमतरता यांत बहुधा दुसरा प्रकार दिसतो. पहिला प्रकार दिसला की माझे कान टवकारतात, कारण जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते) आणि त्याचाच रेंगाळणारा भाऊबंद सीआयडीपी यांसारखे उपचारानं सुधारणारे आजार बरेचदा तिथेच सापडतात. त्यातही सगळ्या नसा सारख्याच मंद असतील तर मी रुग्णाला चपला काढायला सांगतो आणि पावलांची कमान बघतो, भावंडांची चौकशी करतो. तो बहुधा घराण्यात चालत आलेला आजार असतो. कुठे मंद, कुठे ठीक, मध्येच निरोप अडकलेला, असं असेल तर तो नंतर जडलेला.

आता तुमच्या आईंच्या हाताकडे येऊ. तुम्ही लिहिलेले आकडे असे: उजव्या मीडियनची संवेदनेची लाट १४ सेंटिमीटरवर ४.६ मिलिसेकंदांनी आली, त्याच हाताच्या अल्नारची, म्हणजे करंगळीकडच्या नसेची, ३.१नी. एकच हात, एकच तापमान, एकच अंतर, आणि दोन नसांत दीड मिलिसेकंदाचा फरक. एरवी तो अर्ध्याच्याही आत असतो. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत ५.३ मिलिसेकंद लागले, जे ४.४च्या आत असायला हवे होते. पण स्नायूवरची लाट ७.८ मिलिव्होल्ट, म्हणजे उंची चांगली. थोडक्यात, मनगटातल्या अरुंद बोगद्यात आवरण दबलंय, आतले तंतू अजून मेलेले नाहीत. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांत ते जास्त आढळतं.

खरं तर पहाटे जाग येऊन आई हात झटकतात का, एवढा एक प्रश्न विचारला असता तरी बरंच कळलं असतं. मनगटाचा रुग्ण हात झटकतो. अजून एक खूण म्हणजे अनामिकेची. करंगळीशेजारच्या या बोटाची एक बाजू मीडियनकडे असते, दुसरी अल्नारकडे. मधल्या बोटाकडची बाजू बधीर आणि करंगळीकडची ठणठणीत असं झालं, तर दोष मानेत असण्याची शक्यता फार कमी.

मानेचं काय, हे तुम्ही विचारलंच आहे. पन्नाशीनंतर मानेचा एमआरआय काढला आणि त्यात एकही बल्ज नाही, अशी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत. बल्ज दिसणं आणि त्या बल्जमुळे त्रास होणं या वेगळ्या गोष्टी. इथे एनसीव्ही फार सुंदर काम करते. संवेदना नेणाऱ्या पेशींचा गठ्ठा मणक्यातून नस बाहेर पडते तिथे, दाबाच्या जागेच्या पलीकडे बसलेला असतो. म्हणून मानेत नसेचं मूळ दबलं तर हाताला बधीरपणा जाणवतो, पण हातात मोजलेली संवेदनेची लाट शाबूत राहते. ती मनगटाशी मंदावली असेल तर दोष मनगटाचा, मानेच्या चित्रात काही का दिसेना. मानेचा पट्टा काढून ठेवा.

आणि पाय? आईंच्या पोटरीतल्या सुरल नसेची लाट ८ मायक्रोव्होल्ट, वेग ४२. या वयाला उत्तम. पण एनसीव्ही फक्त जाड, आवरण असलेल्या, वेगवान तंतूंचं ऐकते. कंपन, स्पर्श, पाऊल कुठे पडलंय हे त्या जाड तंतूंना कळतं. आग, चटका, टोचणं, गरम-गार हे नेणारे तंतू अगदी बारीक असतात. त्यातले सर्वांत बारीक सेकंदाला मीटर-दोन मीटर एवढ्याच वेगानं चालतात आणि त्यांची लाट या मशीनला ऐकूच येत नाही. मधुमेहात कित्येकदा आधी हेच बारीक तंतू जातात. मग रुग्ण रात्री पांघरूण पायावरून फेकतो, गार फरशीवर पाय ठेवून बसतो, आणि रिपोर्ट म्हणतो ‘नॉर्मल’. याला स्मॉल फायबर न्यूरोपथी म्हणतात. पक्की खात्री करायची तर घोट्याच्या वर ३ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा काढून त्यातले तंतू मोजतात. ती सोय थोड्याच ठिकाणी आहे, आणि आईंच्या बाबतीत मी तिचा आग्रह धरणार नाही. टाचणी आणि गार चमचा घेऊन पाय तपासणाऱ्या डॉक्टरला पाच मिनिटांत हे कळतं.

या तपासणीविषयी माझा मुख्य मुद्दाच हा आहे. तिला तुम्ही जो प्रश्न विचारता, तेवढ्याचंच ती उत्तर देते. माझ्याकडे रोज अशा चिठ्ठ्या येतात: ‘एनसीव्ही, चारही हातपाय’. बस, एवढंच. प्रश्न काय आहे हे कुठेच नाही. मग टेक्निशियन ठरलेल्या नसा ठरलेल्या जागी तपासतो आणि शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ (म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे) असं छापून कागद हातात देतो. हे वाक्य आम्ही लोकांनी फार स्वस्त करून टाकलंय.

एक उदाहरण देतो. चाळिशीच्या एक बाई आल्या, आठ दिवसांपासून उजवं पाऊल उचलत नव्हतं, चप्पल घसटत होती. कमरेच्या एमआरआयमध्ये अर्थातच बल्ज. ऑपरेशनची तारीखही पडलेली. मी विचारलं, काम काय करता? म्हणाल्या, भुईमुगाची खुरपणी, दहा-बारा दिवस सलग. उकिडवं बसून दाखवा म्हटल्यावर त्या अशा बसल्या की गुडघ्याच्या बाहेरच्या हाडामागे नस चिमटली जाणारच. पाऊल उचलणाऱ्या या पेरोनियल नसेला घोट्यापाशी झटका दिला, लाट ४.८ मिलिव्होल्ट. गुडघ्याच्या खाली दिला, ४.६. त्या हाडाच्या वर, फक्त सहा-सात सेंटिमीटर पुढे, १.१. म्हणजे निरोप त्या सहा-सात सेंटिमीटरमध्येच अडत होता. मग सुई घालून पाऊल आत वळवणारा स्नायू पाहिला. तोही कमरेतून निघणाऱ्या नसेच्या त्याच मुळावर चालतो, पण त्याची नस वेगळी. तो ठणठणीत निघाला. कमरेचं काही नव्हतं. उकिडवं बसणं बंद केलं, पावलाला आधार दिला, सात आठवड्यांत त्या नीट चालायला लागल्या. गुडघ्याच्या वर झटका द्यायचा हे कुणी ठरवलं नसतं, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असंच छापून आलं असतं.

दुसरी चूक माझी स्वतःची. नोकरीची पहिली वर्षं, डिसेंबर महिना, एसी चालू असलेली खोली. सकाळी दुधाची फेरी संपवून मोटरसायकलवरून थेट आलेला तरुण. त्याच्या हातापायांच्या सगळ्या नसा मंद आल्या आणि मी आवरणाच्या आजाराचा रिपोर्ट लिहून मोकळा झालो. माझ्या वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतलं, बादलीभर कोमट पाण्यात वीस मिनिटं हातपाय बुडवून ठेवायला लावले आणि पुन्हा मोजलं. सगळं नॉर्मल. एका अंश सेल्सिअसमागे वेग साधारण दोन मीटरनं घसरतो. हाताची त्वचा ३२च्या आसपास, पायाची किमान ३० अंशांवर हवी. मला खूण समोर दिसत होती आणि मी वाचली नव्हती: गार नसेत वेग कमी होतो पण संवेदनेची लाट उलट मोठी होते. आजारी नसेत ती मोठी होत नाही. तेव्हापासून माझ्या खोलीत बादली आणि थर्मामीटर कायम असतात. तुम्ही कुठेही गेलात आणि हात गार असतील तर तापमान बघायला सांगा, त्यात संकोच कसला?

वेळेचं गणितही असंच. अपघातात नस तुटली, तरी तुटलेल्या जागेच्या पुढचा भाग आणखी तीन ते पाच दिवस स्नायूपर्यंत निरोप नेत राहतो, संवेदनेचा भाग तर आठवडाभराच्या पुढेही. दुसऱ्या दिवशी पुढच्या भागाची तपासणी केली तर नस नुसती दचकलीये की मेलीये, हे सांगता येत नाही. त्यासाठी दहा-बारा दिवस जाऊ द्यावेत, सुईच्या तपासणीसाठी तीन आठवडे. जीबीएसचंही तसंच. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात हे रुग्ण एकाएकी वाढले, आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्या काळात घाबरलेले नातेवाईक ‘एनसीव्ही नॉर्मल आहे, मग जीबीएस नाही ना?’ असं विचारत. पहिल्या काही दिवसांत ती जवळपास नॉर्मल येऊ शकते. कधी नुसत्या एफ लाटा (मणक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या) गायब असतात, कधी हाताची संवेदनेची लाट गेलेली आणि पायातली सुरल शाबूत, जे मधुमेहाच्या अगदी उलट आहे. पाय चढत्या क्रमानं लुळे पडत असतील तर दवाखान्यात दाखल व्हायचं, रिपोर्टची वाट बघायची नाही.

कुष्ठरोगाबद्दल लिहिल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर लिहिता येत नाही. देशाच्या आकडेवारीत तो २००५च्या अखेरीस ‘दूर’ झाला, म्हणजे दहा हजार लोकांत एकाहून कमी रुग्ण. माझ्या खोलीत तो अजूनही येतो, आणि बरेचदा त्वचेवर एकही चट्टा नसताना. करंगळी वाकलेली, हाताचे स्नायू वाळून खळगे पडलेले, दोन-तीन सुट्या नसा गेलेल्या. मधुमेह दोन्ही पायांत तळव्यापासून सारखा चढतो, हा मात्र इथे एक नस, तिथे एक नस असा जातो. इथे मशीनच्या आधी बोट. कोपराच्या आतल्या बाजूनं, जरा वर, अल्नार नस चाचपायची. ती दोरखंडासारखी जाड लागली की अर्धं निदान झालं. मशीन लावून फक्त कुठल्या कुठल्या नसा गेल्यात याचा नकाशा काढायचा. हे औषधानं बरं होतं, पण उशीर झाला तर वाकलेलं बोट वाकलेलंच राहतं.

रिपोर्टमध्ये ‘ॲक्सोनल पॉलिन्यूरोपथी’ (अनेक नसांतले तंतू गेलेले) असं आलं तरी ते आजाराचं नाव नाही, फक्त काय बिघडलंय त्याचं वर्णन आहे. कशानं बिघडलं हे रक्ततपासणी आणि औषधांची यादी सांगते. क्षयरोगाची औषधं, केमोथेरपी, महिनोन्‌महिने घेतलेलं मेट्रोनिडाझोल, सगळं सांगा. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. आईंच्या बाबतीत मला पहिली शंका बी१२ची आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होतं आणि घरात शाकाहार असेल तर आणखी. बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), एवढं या आठवड्यात करून घ्या.

झटक्यांना लोक घाबरतात. चटका बसतो, हे खरंच. पण नसेला इजा होत नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं, बहुतेक वेळा तरीही तपासणी होते. सुईच्या भागाआधी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगायच्या. हातापायाला तेल, क्रीम लावून येऊ नका, पट्टी चिकटत नाही आणि आम्ही उगाच वैतागतो.

पुन्हा एनसीव्ही करायची का? पायांसाठी नाही. कितीही ठिकाणी केली तरी बारीक तंतू दिसणार नाहीत आणि पैसे वाया जातील. तोल जायला लागला, पाऊल घसटायला लागलं किंवा त्रास एकाच पायात वाढला, तरच करा. आगीसाठी ड्युलोक्सेटिन, प्रिगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं आहेत. कुठलं आणि किती हे आईंचं हृदय, मूत्रपिंड आणि झोप बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील. त्यांना मात्र ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं सांगू नका, ‘आग होते’ असं सांगा. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून तळवे भाजलेले मधुमेही मी दरवर्षी बघतो. त्यांना चटका जाणवतच नाही. मोजे घालून दर्शन घेतलं तर देव रागावत नाही.

हातासाठी मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री झोपताना बांधा, सहा आठवडे तरी. त्यानंही पहाटे जाग येत राहिली तर मनगटात एक इंजेक्शन देता येतं. ऑपरेशनचा विषय अजून लांब आहे. पण दर महिन्याला आईंचे दोन्ही तळहात उजेडात शेजारीशेजारी ठेवून बघा. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा डाव्यापेक्षा सपाट दिसायला लागला, ब्लाउजचं बटण लागेनासं झालं किंवा हातातून भांडं सुटायला लागलं, तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट न बघता हाताच्या सर्जनला दाखवा, आणि हा जुना रिपोर्ट आकड्यांच्या पानासकट सोबत न्या.